परसातल्या सीताफळावर कलम: कधी बांधायचं आणि कसं

परसातलं सीताफळ बहुतेक वेळा कुणी मुद्दाम लावलेलं नसतं. कुणीतरी ओट्यावर बसून फळ खाल्लं, बिया कुंपणाकडे थुंकल्या, पावसाळ्यात त्यातली एखादी रुजली आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत डोक्याएवढी झाली. तीनचार वर्षांनी फळ धरतं तेव्हा कळतं, की फळ लिंबाहून जरासंच मोठं आहे, आत बियाच बिया आणि गर नावाला. झाड मात्र ठणठणीत. पाणी मागत नाही, शेळी तोंड लावत नाही, उन्हाळ्यात वाळल्यासारखं दिसतं आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवंगार.

असं झाड तोडून नवं रोप आणायची घाई करू नका. त्याची मुळं मुरमात खोल गेलेली असतात. तेवढा पसारा करायला नव्या रोपाला काही वर्षं लागतील. बदलायचं ते फक्त वरचं अंग. चांगल्या झाडाची काडी आणून ह्या झाडावर बांधली, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच आळ्यात मोठी, गरदार फळं येतात.

कलम म्हटलं की लोक हातसफाईचं कौतुक करतात. हात हवाच, पण तो सरावाने बसतो. सीताफळाच्या बाबतीत माझं ठाम मत असं, की कलम जगतं ते वेळेवर. बेताच्या हाताचं कलम योग्य आठवड्यात जगतं आणि कसलेल्या माळ्याचं चुकीच्या महिन्यात वाळतं. म्हणून चाकूच्या आधी वेळेचं आणि काडीचं बघू.

कशावर काय बांधायचं

सीताफळ, रामफळ, मामफळ आणि अँडीज पर्वताच्या थंड खोऱ्यांत पिकणारं चेरीमोया ही सगळी एकाच कुळातली. ह्यांतल्या चेरीमोया आणि सीताफळ यांचा संकर 1908 साली फ्लोरिडात पी. जे. वेस्टर यांनी केला. त्याला अटेमोया म्हणतात. चेरीमोयाला आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाही, पण त्याचं रक्त आपल्या बागांत आलेलं आहे. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का सहान’ हा वाण ‘आयलंड जेम’ ह्या अटेमोयाचा ‘मॅमथ’ ह्या सीताफळाशी संकर करून काढलेला आहे. बिया कमी, गोडी जबर, फळ पिकायला सावकाश. त्याची बी लावून मात्र अर्का सहान मिळत नाही. संकराची बी काय देईल ते सांगता येत नाही, त्यामुळे तिथे कलमाला पर्यायच नाही.

बाकी पसंतीचे वाण म्हणजे बाळानगर, राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले पुरंदर, अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राचा धारूर-6, आणि बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी निवडलेला एनएमके-1, म्हणजे बाजारातलं ‘गोल्डन’. आणि कुठलंही नाव नसलेलं, पण आत्याच्या शेतातलं अप्रतिम फळ देणारं झाड असेल तर तेही आणा. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते बालाघाटच्या डोंगरात आपोआप उगवलेल्या झाडांच्या चवीवरच. एक सावधगिरी: काही वाण 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदलेले असतात. अशा वाणाची कलमं करून विकायचा विचार असेल, तर वाणधारकाची परवानगी लागते.

खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधायची ते मुळांचं झाड, म्हणून गावरान सीताफळ उत्तमच. रामफळाचा खुंटही सीताफळाला चालतो, झाड जोमाने वाढतं. मामफळाच्या खुंटाच्या नादी लागू नका. सीताफळाशी त्याचा मेळ बसत नाही. सुरुवातीला फूट आली तरी जोड पुढे दगा देते.

वेळ ओळखायची कशी

देशावर सीताफळ दिवाळीनंतर थकतं. शेवटची फळं उतरली की पानं पिवळट पडतात, पौष-माघात गळतात आणि झाड उघडंबोडकं होतं. मग थंडी ओसरून ऊन तापायला लागलं की डोळे, म्हणजे फांदीवरचे मिटलेले कोंब, फुगतात आणि नवी फूट सुरू होते. कलमाची पहिली आणि सगळ्यात चांगली वेळ ह्या फुगण्याच्या आणि फुटण्याच्या मधली. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे होळीच्या आगेमागे. नाशिककडे थंडी रेंगाळली तर आठपंधरा दिवस पुढे. विदर्भ-मराठवाड्यात ऊन लवकर चढतं, तिथे मार्च संपायच्या आत हात धुवून मोकळं व्हावं.

पण तारखेवर जाऊ नका. दोन गोष्टी एकाच वेळी जुळायला हव्यात: खुंट जागा झालेला असावा आणि काडी अजून झोपलेली असावी.

काडीला मुळं नसतात. जोड भरून यायला दोनतीन आठवडे लागतात आणि तोवर ती स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर जगते. ह्या काळात तिच्यावर पानं फुटली, तर पानांतून पाणी उडून जातं, खालून येत काहीच नाही आणि काडी वाळते. उलट खुंट झोपलेला असेल तर चीर भरून काढायला त्याच्याकडे रसच नसतो. काडी वाट बघून सुकते. जानेवारीच्या थंडीत बांधलेली कलमं ह्याच कारणाने जातात.

खुंट जागा झाला की नाही हे बघायला बोटाएवढ्या फांदीवर चाकूच्या टोकाने नखाएवढी चीर द्या आणि साल उचलून बघा. साल ओली, निसरडी आणि लाकडापासून अलगद सुटत असेल तर रस चढला. चिकटून फाटत असेल तर अजून आठवडाभर थांबा. डोळ्यांच्या टोकाला हिरवा ठिपका दिसणं हीही खूण आहे.

आता अडचण अशी, की खुंट जागा होतो तेव्हाच शेजारच्या बागेतलं काडीचं झाडही जागं होतं. त्यावरचा उपाय सोपा आहे. काडी आधी कापून ठेवायची. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, डोळे घट्ट मिटलेले असताना काड्या कापा, ओल्या करून पिळलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नाही. दोनेक आठवडे काड्या निर्धास्त राहतात. कागद टिपकण्याइतका ओला ठेवलात तर बुरशी धरते, म्हणून पिळायचं विसरू नका.

परसातल्या झाडाचा आणखी एक घोळ असतो. न्हाणीचं किंवा भांड्यांचं पाणी ज्या झाडाकडे जातं, ते पानं गाळतच नाही. माघ संपत आला तरी अर्धी जुनी पानं लोंबत असतात आणि झाड धड झोपत नाही, धड जागं होत नाही. अशा झाडाचं पाणी जानेवारीच्या सुरुवातीपासून तीनचार आठवडे तोडा. पानं गळू द्या. मग आळं खणून, दोन घमेली शेणखत घालून पाणी सुरू केलं की फूट एकदम आणि जोरात येते. शेतकरी बहार धरतात तीच ही रीत.

दुसरी वेळ पावसाळ्यातली. मृगाच्या सरी पडून जमीन थंडावली, हवेत दमटपणा आला की जून-जुलैपासून ऑगस्टपर्यंत देशावर कलमं चांगली लागतात. ह्या वेळी काडी त्याच वर्षीच्या फुटीची, पण पक्की झालेली घ्यावी लागते. कोकणात आणि गोव्यात मात्र आषाढाच्या झडीत बांधू नका. जोडीत पाणी शिरून काळी पडते. तिथे उन्हाळ्याआधीचीच वेळ साधावी, नाहीतर पाऊस ओसरल्यावर बघावं.

नोव्हेंबर ते जानेवारी आणि रणरणता एप्रिल-मे, हे दोन्ही काळ सोडून द्या.

काडी निवडताना

सीताफळाची एक खोड आहे आणि ती माहीत नसलेल्याची काडी वाया जाते. ह्या झाडाचा डोळा पानाच्या बेचक्यात दिसत नाही. देठाचं बूड टोपीसारखं त्याच्यावर बसलेलं असतं. पान गळलं की गोल व्रण उघडा पडतो आणि त्याच्या मधोमध लवदार, तपकिरी डोळा दिसतो. पान काढल्याशिवाय तो डोळा हलत नाही.

म्हणून उन्हाळ्यातल्या कलमाला, पानं गळून गेलेली काडी तयारच असते. पावसाळ्यातल्या कलमासाठी मात्र आठदहा दिवस आधी तयारी करावी लागते. झाडावरच ठेवून, निवडलेल्या फांदीची पानं कापा. पान ओरबाडू नका. देठाचा छोटा तुकडा राहू द्या. आठवड्याभरात ते देठ पिवळे पडून बोट लावताच गळतात आणि खाली डोळे टपोरे झालेले दिसतात. तीच काडी कापायची वेळ. डोळा हिरवा होऊन फुटायला लागला असेल तर उशीर झाला.

काडी पेन्सिलीएवढी जाड, राखाडी-तपकिरी सालीची, चारपाच डोळ्यांची, 10 ते 12 सेंमी लांब. फांदीचा अगदी कोवळा हिरवा शेंडा नको आणि बुडाचं जून लाकूडही नको. मधला भाग घ्या. झाडाच्या आतून सरळसोट उभी वाढलेली, लांब पेरांची फोक दिसायला सुरेख असते, पण तिच्यात मऊ गाभा फार आणि साठा कमी. बाहेरच्या बाजूची, उन्हातली, आखूड पेरांची फांदी दिसायला साधी, पण जगते तीच. आणि ज्या फांदीवर दरवर्षी चांगली फळं धरतात ती बघून घ्या, म्हणजे झाड फळावर असतानाच तिला चिंधी बांधून ठेवा. फेब्रुवारीत सगळ्या फांद्या सारख्याच दिसतात.

कापण्याआधी डोळ्यांच्या खोबणीत पांढरा कापूस दिसतो का ते भिंगाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघा. पिठ्या ढेकूण सीताफळाचा पिढीजात वैरी आहे आणि काडीबरोबर तो सहज घरी येतो. शंका आली तर काडी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून घ्या. जास्त दिसला तर ती काडी सोडा.

सामान

धारदार चाकू. कलमाचा एका बाजूने धार लावलेला चाकू सर्वांत बरा, कारण काप सपाट येतो. नसेल तर कागद कापायचा नवा कटरही चालतो. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. 2 सेंमी रुंद प्लास्टिकची पट्टी. दुधाच्या पिशवीची पट्टी जाड पडते, पातळ आणि ताणली जाणारी हवी. पेप्सीकोला भरतात तसली लांबट पातळ पिशवी, टोपी म्हणून. पुसायला स्पिरिट. थोडं वर्तमानपत्र किंवा पांढरं फडकं, उन्हासाठी.

हात बसलेला नसेल तर झाडाची छाटणी कराल तेव्हाच्या फांद्या टाकू नका. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांच्यावर पाचर कापायचा सराव करा. सीताफळाचं लाकूड मऊ असतं, चाकू झरझर चालतो, आणि तिथेच फसगत होते: काप खोलगट होतो. सपाट काप येईपर्यंत खऱ्या काडीला हात लावू नका.

लहान रोपावर पाचर कलम

खुंट आठदहा महिन्यांचा, बुडाशी पेन्सिलीएवढा जाड असावा. पिशवीतलं रोप असो की जागेवर उगवलेलं, रीत एकच. जागेवर उगवलेल्याचा फायदा असा, की सोटमूळ शाबूत राहतं आणि झाड पुढे पाण्यावाचून तगतं. ज्यांना जमेल त्यांनी बी कायमच्या जागी रुजवून तिथेच कलम करावं. बी कडक असते, उगवायला महिनाभर लागू शकतो. रात्रभर भिजत घातली तर बरं. बिया लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नका. बीची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते.

कलमाच्या दोन दिवस आधी खुंटाला पोटभर पाणी द्या. काम सकाळी ऊन चढण्याआधी किंवा चार वाजल्यानंतर करा. चाकू स्पिरिटने पुसा.

खुंट जमिनीपासून 20 ते 25 सेंमीवर आडवा छाटा. हिरवी साल तपकिरी व्हायला लागते तो भाग ह्या उंचीवर सापडतो. अगदी कोवळ्या भागात काप फाटतो आणि अगदी जुन्या भागात भरून यायला वेळ लागतो. छाटलेल्या जागेखाली दोनचार पानं असतील तर राहू द्या, ती खुंटाला पोसतात. आता छाटाच्या मधोमध चाकू ठेवून सरळ खाली 3 ते 4 सेंमी चीर द्या. एकदम दाबू नका, चाकू किंचित डुलवत न्या, म्हणजे लाकूड पुढे तडकत नाही.

काडीचं बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचर करा, चिरेएवढीच लांब. प्रत्येक बाजू शक्यतो एका झटक्यात. मनगट घट्ट धरून कोपरापासून हात मागे ओढला की काप सपाट येतो. पाचरीच्या सर्वांत खालच्या डोळ्याची बाजू बाहेर राहील असं बघा. कापलेल्या जागेला बोट लावू नका. सीताफळाचा काप बघता बघता तपकिरी पडतो, त्यामुळे इथे गप्पा नकोत: काप, खुपस, बांध.

खुपसताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची. सालीच्या आतल्या बाजूला, लाकडाला चिकटून, एक पातळ हिरवट थर असतो. जोड तोच करतो. बाहेरची साल बाहेरच्या सालीशी जुळवून चालत नाही, कारण खुंटाची साल जाड आणि काडीची पातळ असते. हा हिरवा थर हिरव्या थराला भिडला पाहिजे. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे असले तर दोन्ही बाजू जुळतील. नसले तर काडी मधोमध न ठेवता एका कडेला सरकवा आणि ती एक कड नीट जुळवा. एक बाजू नेमकी जुळलेली, दोन्ही बाजू अंदाजे जुळलेल्यापेक्षा केव्हाही बरी. पाचर पूर्ण आत दडपू नका. कापाचा चंद्रकोरीएवढा भाग चिरेच्या वर दिसू द्या, तिथून जोड गुबगुबीत भरून येते.

पट्टी चिरेच्या खालून सुरू करा आणि ताणून वर आणा, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत. घट्ट हवी; बांधल्यावर काडी बोटाने हलवली तर हलता कामा नये. शेवटचा वेढा चंद्रकोरीवरून घेऊन गाठ मारा. मग लांबट पिशवी काडीवर टोपीसारखी चढवा आणि जोडीच्या खाली दोऱ्याने बांधा. आत वाफ धरते आणि काडी सुकत नाही. उन्हाळ्यात ह्या टोपीवर थेट ऊन पडलं तर आत काडी शिजते, म्हणून वरून वर्तमानपत्राचा शंकू घाला किंवा रोप सावलीत हलवा. पावसाळ्यात, हवा ओली असेल तर टोपीवाचूनही भागतं, पण काडीच्या वरच्या टोकाला पट्टी किंवा मेण हवंच.

भेट कलम (काडी मूळ झाडावरून न तोडता खुंटाला जोडणं), डोळा भरणं (काडीऐवजी फक्त एक डोळा खुंटाच्या सालीत बसवणं) ह्याही रीती आहेत. डोळा भरताना साल सुटण्याचा नेमका काळ साधावा लागतो आणि हात पक्का लागतो; घरच्या दोनचार झाडांसाठी तो खटाटोप मला तरी पटत नाही. गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडणं) आणि छाट कलम (फांदीचा तुकडा मातीत लावणं) ह्यांत सीताफळ मुळं फार नाखुशीने सोडतं, तो नाद सोडा.

मोठ्या झाडाचं डोकं बदलताना

पाच-दहा वर्षांच्या झाडाला दोन वाटा आहेत.

पहिली वाट सावकाशीची, आणि परसातल्या माणसासाठी मी हीच सांगेन. जानेवारीअखेर, झाड झोपलेलं असताना, मुख्य फांद्या जमिनीपासून 2 ते 3 फुटांवर छाटा. सगळ्या नाही; एक फांदी आहे तशी राहू द्या. ती मुळांना अन्न पुरवते आणि झाडाला धक्का बसू देत नाही. छाट थोडा तिरपा घ्या म्हणजे पाणी साचत नाही, आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना वेगवेगळा भिजवून, दोन्ही मिळून 1 लिटर पाण्यात. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नको. पेस्टमध्ये लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला.

मार्च-एप्रिलमध्ये छाटाखालून कोंबांचा झुबका फुटतो. प्रत्येक फांदीवर एकमेकांपासून लांब असलेले, बाहेरच्या दिशेचे दोनतीन कोंब ठेवा, बाकीचे हाताने मोडा. हे कोंब पावसाळ्यात पेन्सिलीएवढे होतात. त्यांच्यावर वर सांगितल्याप्रमाणे पाचर कलम बांधा. जे चुकतील ते पुढच्या फेब्रुवारीत. कोवळ्या जोमदार फुटीवर कलम फार छान लागतं आणि एकाच झाडावर पुष्कळ संधी मिळतात.

दुसरी वाट घाईची: छाटलेल्या जाड फांदीवरच, साल सुटायला लागल्यावर, सालीत काडी खुपसायची. फांदीच्या कडेला सालीवर 4 सेंमीची उभी चीर द्या, साल दोन्हीकडे किंचित उचला, काडीची एक बाजू लांब तिरपी आणि मागची बाजू अगदी थोडी तासा, आणि लांब काप लाकडाकडे ठेवून काडी आत सरकवा. मनगटाएवढ्या फांदीवर अशा दोनतीन काड्या गोलाकार बसतात. मग पट्टीने करकचून बांधा आणि उघडं लाकूड मेणाने किंवा पेस्टने झाका. पेस्ट जोडीत जाऊ देऊ नका. फूट पहिल्याच वर्षी दणकून येते. पण जोड सालीवरच तोललेली असते, लाकूड धरायला वेळ लागतो. वळवाच्या वाऱ्यात अशी हातभर वाढलेली फांदी बुडापासून निघून पडते. ही वाट धरलीत तर शेजारी काठी बांधून फूट तिला दोन ठिकाणी सैल अडकवायलाच हवी.

ती न छाटलेली गावरान फांदी सगळी कलमं लागल्यावरही काढून टाकू नका, विशेषतः अर्का सहान बांधलं असेल तर. सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर, त्यामुळे त्याच फुलात परागीकरण सहसा होत नाही. ते काम बारीक भुंगेरे करतात आणि परसात ते पुरेसे असतीलच असं नाही. अर्का सहानला हाताने परागीकरण केलं तर फळधारणा चांगली होते आणि पराग साध्या सीताफळाचे चालतात. गावरान फांदीवरच्या पूर्ण उघडलेल्या फुलातले पराग रंगाच्या मऊ कुंचल्यावर घ्यायचे आणि पाकळ्या जेमतेम विलगलेल्या फुलात फिरवायचे. सकाळच्या चहाआधी होणारं काम आहे.

वेगवेगळे वाण एकाच झाडावर बांधायची हौस असेल तर खुशाल बांधा. जोमदार वाण दुबळ्याला झाकून टाकतो एवढं ध्यानात ठेवून दुबळा दक्षिणेकडे, भरपूर उन्हात द्या. नावाच्या चिठ्ठ्या शाईने लिहू नका, एका पावसात जातात. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्याने नाव कोरा आणि तारेने सैल अडकवा.

बांधल्यानंतर

दोन ते चार आठवड्यांत डोळे फुटतात. टोपीतून पोपटी टोक दिसलं की लगेच टोपी काढू नका. दोनतीन पानं उलगडू द्या, मग एका संध्याकाळी टोपीचं वरचं टोक फाडा, दोनतीन दिवसांनी ती पूर्ण काढा. भर दुपारी काढलेली टोपी म्हणजे कोवळ्या पानांना भाजणं.

खुंटावर, जोडीच्या खाली, फुटवे येतच राहतात. ते दर आठवड्याला खुडा. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. गावरान फुटवा काडीपेक्षा नेहमीच जोरकस असतो. महिनाभर दुर्लक्ष झालं तर रस त्याच्याकडे वळतो आणि काडी उपाशी राहते. जोडीला पाणी लागू न देता बुडाशी पाणी द्या. आळ्यात पालापाचोळा पसरा. खताची घाई नको, नवी फूट वीतभर होईपर्यंत थांबा.

पट्टी दोनतीन महिन्यांनी सोडायची. जोड फुगून पट्टी सालीत रुतायला लागली की ती लगेच उभी चिरून काढा, नाहीतर तिथे गळा आवळला जातो आणि वाऱ्यात फांदी तिथूनच मोडते. पहिल्या वर्षी फुलं आली तर काढून टाका. जीवावर येतं, पण फांदी आधी जाड होऊ द्या.

लागलं नाही तर

महिना झाला, डोळे हलले नाहीत, तर काडीची साल नखाने खरवडा. आत हिरवं असेल तर अजून वाट बघा. तपकिरी आणि कोरडं असेल तर गेली. काडी आधी फुटली, पानं आली आणि आठवड्यात माना टाकल्या, तर जोड झालीच नव्हती: हिरवा थर जुळला नाही किंवा काडी आधीच जागी झालेली होती. जोड काळी पडून ओलसर लागली तर पाणी आत शिरलं, पट्टी वरून सैल राहिली. टोपीच्या आत मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण आलाय असं धरून टोपी उघडा आणि काडी पुसून घ्या.

फसलेल्या कलमाचा खुंट फुकट जात नाही. जोडीच्या खाली दोन बोटांवर छाटा, येणाऱ्या फुटव्यांतला सर्वांत खालचा नव्हे, तर जोमदार आणि सरळ असा एकच ठेवा, बाकीचे मोडा. फेब्रुवारीत फसलेल्याच्या ह्या फुटव्यावर जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा बांधता येतं. तेवढ्यासाठी काडीच्या झाडावर एकदोन फांद्या न तोडता ठेवाव्यात आणि बांधायच्या आठदहा दिवस आधी, देठ राखून, त्यांची पानं कापावीत.